मधला नळ: भोजपूरच्या पाण्यातल्या आर्सेनिकच्या प्रकल्प नोंदी

24 नोव्हेंबर 2023

छठ संपली, घाटावरची गर्दी ओसरली, तेव्हा कुठे गावात कामाला माणसं मिळायला लागली. काम असं: पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक हे विष काढून टाकणारा छोटा प्रकल्प गावात उभा करायचा. ठिकाण बिहारचा भोजपूर जिल्हा, आराच्या बाजूचं, गंगेच्या दक्षिण काठावरचं गाव. नाव वहीत लिहीत नाही. गावाचं पाणी वाईट आहे हे बाहेर पसरलं की मुलींची लग्नं अडतात, हे गावच्या आरोग्यसेविका, आशा दीदींनी पहिल्याच भेटीत बजावून सांगितलं आहे.

या नोंदींमधले आर्सेनिकचे सगळे आकडे मायक्रोग्रॅम प्रति लिटर असे आहेत. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 10. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 मध्ये ती 50 वरून 10 वर आणली, पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्येही तोच आकडा आहे.

शाळेच्या आवारातली हापशी तपासली, खोली शंभर फुटांच्या आसपास. किटची रीत जुनीच: बाटलीत पाणी, त्यात आम्लाची पुडी, मग जस्ताची भुकटी, आणि लगेच टोपण. पाणी फसफसतं, पाण्यातलं आर्सेनिक आर्सिन वायू होऊन वर येतं आणि टोपणातल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदी पट्टीला लागतं. पट्टी कोरी राहिली तर ठीक. आज ती आधी लिंबासारखी पिवळी झाली, मग कडेने गडद होत मध्यापर्यंत तपकिरी झाली. रंगाच्या तक्त्यावर 100 आणि 250 यांच्या मधे कुठेतरी. आर्सिन विषारी, म्हणून चाचणी उघड्या व्हरांड्यात केली आणि भोवती जमलेल्या पोरांना चार हात लांब उभं केलं.

पाणी थंडगार, नितळ, चवीला गोड. पोरं तिथेच ओंजळीने पीत होती.

27 नोव्हेंबर

गावभर फिरून हापशा आणि विहिरी तपासल्या. साठ ते सव्वाशे फुटांपर्यंतच्या हापशांपैकी बहुतेक मर्यादेबाहेर. पण अगदी शेजारशेजारच्या दोन हापशांमध्ये एकीत 30 आणि दुसरीत 200, असंही आढळलं. म्हणून "अमुक टोल्याचं (टोला म्हणजे इथली वस्ती) पाणी चांगलं" असा शेरा मारता येत नाही, प्रत्येक हापशी वेगळी तपासावी लागते.

तीन जुन्या विहिरी अजून वापरात आहेत. तिन्हींमध्ये पट्टी जवळजवळ कोरी.

शाळेचे मास्टर साहेब इतिहासाचे. त्यांनी विचारलं, जमीन तीच, मग विहिरीत नाही आणि हापशीत का? आर्सेनिक हिमालयातून गाळाबरोबर आलं, लोहाच्या गंजाच्या कणांना चिकटून. तो गाळ इथे थरांवर थर बसला. त्यात कुजणारा पालापाचोळा भरपूर, त्यामुळे खालच्या थरात ऑक्सिजन उरत नाही. तिथले जिवाणू मग गंजातलं लोह वापरतात, गंज विरघळतो, आणि त्याला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. उघड्या विहिरीला हवा लागते, वरचं पावसाचं पाणी मिळतं, तिथे हा प्रकार सहसा होत नाही. मास्टर साहेब थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "विहिरींचं पाणी पिऊन हगवण होते म्हणून तर सरकारने हापशा दिल्या." खरं आहे. हगवणीपासून हापशांनी अनेक पोरं वाचवली, तेही इथे लिहून ठेवतो.

पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकच्या पाण्याने होणारा आजार 1983 मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी ओळखला. भोजपूरच्याच सेमरिया ओझा पट्टी गावात तो 2002 मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने पाण्याच्या तपासणीतून सिद्ध केला. एवढ्या वर्षांनंतरही शाळेतली पोरं त्याच पट्ट्यातलं पाणी पितात, ही गोष्ट रात्री झोप लागू देत नाही.

6 डिसेंबर

पाटण्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. शाळेची हापशी: आर्सेनिक 164, लोह 3.8 मिलिग्रॅम, फॉस्फेट 1.6 मिलिग्रॅम, पीएच 7.2. नमुना घेतानाच आयन विनिमयाच्या छोट्या नळकांड्यातून अर्धं पाणी गाळून वेगळ्या बाटलीत भरलं होतं. विद्युतभार असलेलं आर्सेनिक त्या नळकांड्यात अडकतं, भार नसलेलं सुटून पुढे जातं. 164 पैकी 130 पुढे गेलं.

पुढची सगळी आखणी या 130 वर बेतलेली राहील. पाण्यात आर्सेनिक दोन रूपांत असतं. पाच संयुजेचं, म्हणजे आर्सेनेट, ऋणभारित असतं आणि लोहाच्या गंजाला पटकन चिकटतं. तीन संयुजेचं, आर्सेनाइट, साध्या पाण्याच्या पीएचला भारहीन असतं, त्यामुळे बहुतेक गाळण्यांतून ते निसटतं. जास्त विषारीही तेच. ऑक्सिजन नसलेल्या भूजलात मुख्यतः हेच सापडतं. म्हणून आधी त्याचं ऑक्सिडीकरण आणि मग बाकी सगळं.

एक दिलासा: लोह आर्सेनिकच्या वीसपटीहून जास्त आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा ढोबळ आडाखा असा की इतकं लोह असेल तर लोह काढताना आर्सेनिकही चांगलं निघतं. इथे मात्र फॉस्फेट आडवं येणार. गंजाच्या कणावर ज्या जागी आर्सेनेट बसतं, त्याच जागी फॉस्फेटही बसतं, आणि फॉस्फेट दहापट आहे.

13 डिसेंबर

जार चाचणी, म्हणजे तेच पाणी वेगवेगळ्या पात्रांत घेऊन प्रत्येकात वेगळी रीत करून बघणं. शाळेची जुनी प्रयोगशाळा मिळाली, बाकं पुसून चंचुपात्रं मांडली. हापशीचं पाणी काढल्याबरोबर वापरलं, कारण दहा-पंधरा मिनिटांत ते आपोआप तांबूस व्हायला लागतं आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही.

निकाल (कापडातून नव्हे, फिल्टर पेपरमधून गाळल्यावर):
फक्त हवा, दोन तास ढवळून: 97
आधी हवा, लोह खाली बसत आल्यावर क्लोरीन: 74
पाणी काढल्याबरोबर क्लोरीन: 52
क्लोरीन आणि तुरटी: 41
क्लोरीन आणि थोडं फेरिक क्लोराइड: 9

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतला फरक महत्त्वाचा. हवेने लोहाचा गंज लवकर होतो, पण आर्सेनाइटचं ऑक्सिडीकरण फार हळू होतं. आधी हवा दिली की गंज तयार होऊन बसून जातो आणि आर्सेनाइट तसंच पाण्यात राहतं. लोह विरघळलेलं असतानाच क्लोरीन घातलं तर दोन्हींचं काम एकाच क्षणी होतं, आणि कोवळा गंज बनता बनता आर्सेनेटला धरून खाली नेतो. निर्णय: शिंपडणीचा फवारा आराखड्यातून काढून टाकला. पंपाचं पाणी टाकीत पडायच्या आधीच, पाइपातच ब्लीचिंगचं द्रावण मिसळायचं.

लोहालाच लिटरमागे अडीच मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन लागतं. आर्सेनाइटला त्या मानाने नगण्य.

21 डिसेंबर

पद्धत ठरवण्याची बैठक, दिवसभर. इथे सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी नक्की विचारणार की हे का आणि ते का नाही.

आरओ. गावकऱ्यांची पहिली मागणी हीच, आणि एक विक्रेता दोनदा येऊन गेला. आरओचा पडदा आर्सेनेट छान अडवतो, आर्सेनाइट मात्र अर्धवट. म्हणजे ऑक्सिडीकरण टळत नाही, आणि क्लोरीन तर पडद्यालाच खातं. लोहाने पडदा बुजतो तो वेगळाच. त्याहून मोठी अडचण टाकाऊ पाण्याची: निम्म्याच्या आसपास पाणी आर्सेनिकने दाट होऊन गटारात जाणार, आणि इथल्या गटाराचं पाणी तळ्यात जातं.

सक्रिय अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडचे सच्छिद्र दाणे. यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराइडसाठी मी याच्यावर बरंच काम केलंय, त्यामुळे मनात जिव्हाळा आहे. बंगालमध्ये 1990 च्या दशकाअखेरीपासून शिबपूरचं अभियांत्रिकी महाविद्यालय आणि अमेरिकेतल्या लिहाय विद्यापीठाचे अरुप सेनगुप्ता यांनी हापशांवरच अॅल्युमिनाचे स्तंभ, म्हणजे दाणे भरलेल्या उभ्या टाक्या, बसवले. गावसमित्यांनी ते चालवले, आणि काढलेला गाळ कसा सांभाळायचा याचा विचार त्यांनी पहिल्यापासून केला. त्या कामातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण अॅल्युमिना आम्लधर्मी पाण्यात नीट काम करतो, इथला पीएच 7.2. शिवाय तो पुन्हा ताजा करायला कॉस्टिक सोडा आणि मग आम्ल लागतं. ते काम एका ठिकाणी, शिकलेल्या माणसांनी करायचं असतं. आमच्या आसपास तशी व्यवस्था नाही.

विजेने लोह विरघळवण्याची रीत. हे तंत्र मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेत बर्कलीत प्राध्यापक राहिलेले अशोक गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलं. जादवपूर विद्यापीठाबरोबर दक्षिण 24 परगण्यातल्या धपधपीच्या शाळेत त्यांनी दिवसाला दहा हजार लिटरचा प्रकल्प उभा केला. साध्या लोखंडी पत्र्यांत कमी दाबाची वीज सोडायची, पत्रा झिजून पाण्यात लोह येतं, त्याचा गंज होताना आर्सेनाइटचंही ऑक्सिडीकरण होतं आणि तो गंजच आर्सेनिक पकडतो. रसायनांची पुरवठासाखळी लागत नाही, हे यातलं सर्वांत मोठं बळ. आमच्या बैठकीत याला दोन मतं पडली. माझं मत: मोठ्या वस्तीला, पगारी चालकाला आणि रोजच्या विक्रीला हे फार चांगलं. आमच्या सहाशे माणसांच्या टोल्यांना रोज वीजप्रवाह मोजून पत्रे बदलत बसणारा माणूस परवडणार नाही.

जार चाचणीत फेरिक क्लोराइड जिंकलं होतं. पण ते दाहक, बाटली फुटली की हात भाजतात, आणि रोज मोजून घालायचं. शाळेच्या आवारात मला ते नको.

उरतो दाणेदार फेरिक हायड्रॉक्साइड, म्हणजे लोहाच्या गंजासारखेच तयार दाणे. महाग आहे, बाहेरून मागवावा लागतो. मात्र तो भरला की वर्षभर रोजचं वेगळं रसायन नाही, दांडग्या हातांचीही गरज नाही. पाण्यातलं लोह आणि क्लोरीन पहिला मोठा वाटा फुकटात काढतील (164 वरून 50 च्या आसपास), वाळू तो गंज अडवेल, आणि उरलेलं हे दाणे धरतील.

खोल बोअरचा प्रश्न ब्लॉक ऑफिसातल्या इंजिनियरांनी उपस्थित केला, आणि तो रास्त आहे. या भागात चिकणमातीच्या जाड थराखालचं खोल भूजल बहुतेक ठिकाणी आर्सेनिकमुक्त आहे. दीर्घकाळाचं उत्तर तेच, किंवा गंगेचं शुद्ध केलेलं नळाचं पाणी. पण चिकणमातीचा थर भेदून जाताना बोअरची बाजू नीट बुजवली नाही तर वरचं पाणी खाली उतरतं. ते काम सरकारी योजनेत, चांगल्या देखरेखीखाली व्हावं. तोपर्यंत माणशी आठ-दहा लिटर, पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. जलजीवन मिशनमध्येही अशा वस्त्यांसाठी तात्पुरती सोय म्हणून हाच आकडा आहे.

जागा शाळाच. एका खासगी अंगणात 40 ची हापशी होती, यंत्रावर भार कमी आला असता. पण त्या अंगणात दोन टोल्यांच्या बायकांना पाय ठेवता येत नाही, आणि शाळेत येता येतो.

शेवटी स्तंभ एक की दोन. एकूण दाणे तेवढेच, मग दोन टाक्यांचा खर्च कशाला, असा सूर होता. मी हट्ट सोडला नाही. आर्सेनिकला रंग, वास, चव नाही. एकच स्तंभ असेल तर तो संपला हे माणसांच्या पोटात गेल्यावरच कळणार. दोन स्तंभ एकामागे एक ठेवले आणि मधे एक छोटा नळ काढला, तर पहिला थकल्याचं त्या नळावर कळतं आणि तोवर दुसरा राखण करत असतो. प्रत्येकात साठ लिटर दाणे, तासाला हजार लिटर पाणी. मंजूर झालं.

9 जानेवारी 2024

धुकं. दुपारपर्यंत समोरचं दिसत नाही. शेडचा पाया भरून झाला. सोन नदीची वाळू कोईलवरहून आली, पिवळी, टोकदार, धुवायला सोपी. दोन चाळण्यांतून चाळून घेतली. एका बाजूला बारीक रेती आणि दुसऱ्या बाजूला खडे फेकले, मधली तेवढी ठेवली. सौर पंपाची चाचणी पुढच्या आठवड्यावर.

30 जानेवारी

गाळाच्या जागेवरून गावात वाद. तो व्हायलाच हवा होता.

मी फळ्यावर हिशोब मांडला. दिवसाला सहा हजार लिटर, प्रत्येक लिटरमधून सुमारे 160 मायक्रोग्रॅम काढायचं, म्हणजे वर्षाला साडेतीनशे ग्रॅम आर्सेनिक. ते नाहीसं होत नाही. आज ते सहाशे माणसांच्या अंगात थोडं थोडं जातंय, उद्या ते आमच्या वाळूत आणि दाण्यांत असेल. त्याची जागा ठरल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही, ही माझी अट होती आणि समितीने ती उचलून धरली.

कुणी म्हणालं तळ्यात सोडा, कुणी म्हणालं शेणखड्ड्यात. दोन्ही नको. तळ्याच्या तळाशी चिखल आणि कुजकी पानं, ऑक्सिजन नाही. तिथे गंज पुन्हा विरघळेल आणि आर्सेनिक पुन्हा पाण्यात येईल, शंभर फुटांखाली झालं तेच शंभर पावलांवर होईल. शेणखड्ड्यातही तीच गत. गाळ हवेशीर राहिला पाहिजे. बॅकवॉशचं, म्हणजे वाळू उलट्या प्रवाहाने धुतल्यावर निघणारं, तांबडं पाणी जाड वाळूच्या उघड्या हौदात सोडायचं, पाणी खाली झिरपून परत कच्च्या टाकीत, गाळ वर वाळत राहील. हौदाला छप्पर, भोवती जाळी, कुलूप.

हौदाची उंची ठरवायला मास्टर साहेबांनी शाळेच्या भिंतीवरची 2016 च्या पुराची खूण दाखवली. हौदाचा तळ तिच्या दीड फूट वर.

17 फेब्रुवारी

दाणे भरले. आधी स्तंभात पाणी भरून मग दाणे ओतायचे, कोरड्यात ओतले की चुरा होतो. तरी पहिलं पाणी विटकरी आलं. तासभर उलट धुतल्यावर चहाच्या रंगाचं, मग पिवळसर, मग स्वच्छ.

पहिले आकडे: वाळूनंतर 48. मधला नळ, पट्टी कोरी. शेवटचा नळ, पट्टी कोरी. किटवर 10 च्या आसपास भरवसा ठेवता येत नाही, 6 आणि 12 दोन्ही तिथे सारखेच दिसतात, म्हणून तिन्ही बाटल्या आम्ल घालून पाटण्याला पाठवल्या. अहवाल येईपर्यंत कुणालाही पाणी द्यायचं नाही, तोट्यांना कुलूप.

26 फेब्रुवारी

अहवाल: मधला नळ 2 पेक्षा कमी, शेवटचा 2 पेक्षा कमी. तोट्या उघडल्या.

2 मार्च

चालवण्याचं काम जीविका गटातल्या (बिहारमधला बायकांचा बचत गट) एका दीदींनी घेतलं. आठवी शिकलेल्या, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. रोजची कामं: ब्लीचिंगचं द्रावण, वाळूच्या आधीच्या पाण्यात उरलेलं क्लोरीन बघणं, दर तीन दिवसांनी बॅकवॉश, वहीत नोंद.

बॅकवॉश त्यांनी एकदाच पाहून उचलला. वरचा झडपा बंद, खालचा उघडा, काचेच्या नळीत वाळू उचलली गेलेली दिसली पाहिजे, पण वाहून जाता कामा नये. पाणी आधी रक्तासारखं लाल येतं. ते फिकं होईपर्यंत त्या नळीवरची नजर हलवत नाहीत.

दुपारी बायका जमल्या. एका चाचींनी नव्या पाण्याचा चहा करून आणला आणि पेला उजेडात धरून सगळ्यांना दाखवला. "चाय करिया नइखे भइल!" म्हणजे चहा काळा झाला नाही. लोहाच्या पाण्यात चहा काळा पडतो, भात मळकट होतो, पांढऱ्या धोतरावर पिवळट झाक येते. हे सगळं थांबलं. आनंद खराच होता, आणि मीही त्यात होतो.

पण याच चहाची मला काळजी आहे. वाळू लोह काढत राहील, वर्षांनंतरही. चहा लालच राहील. दाणे संपले तरी चहा लालच राहील. जिभेने आणि डोळ्यांनी पाणी पारखण्याची या बायकांची पिढ्यांची सवय पक्की आहे, आणि इथे ती फसवणार. म्हणून सभेत तीच गोष्ट तीनतीनदा सांगितली: चहावर जाऊ नका, फळ्यावर जा. शेडच्या दर्शनी भिंतीवर काळा फळा केला आहे. त्यावर महिन्याचे दोन आकडे, मधल्या नळाचा आणि शेवटच्या नळाचा, दीदींच्या हातचे.

उकळून प्यायलं तर चालेल का, हा प्रश्न आला. नाही. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक तसंच राहतं, उलट पाणी आटलं की दाट होतं. भात शिजवताना तर सगळं पाणी भातातच जिरतं, म्हणून स्वयंपाकालाही हेच पाणी वापरायचं. अंघोळीला आणि भांड्यांना हापशीचं चालेल.

21 एप्रिल

वाळूनंतरचा आकडा 48 वरून 91 वर गेला. मधला नळ 7, शेवटचा 2 पेक्षा कमी.

कारण दीदींच्या वहीत सापडलं. आठ दिवसांपासून उरलेल्या क्लोरीनच्या रकान्यात शून्य. पावडर तेवढीच घालत होत्या, पण पावडरच मेली होती. ताज्या चांगल्या ब्लीचिंगमध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उपयोगी क्लोरीन असतं. उघडी गोणी या उकाड्यात ठेवली की ते उडून जातं. आर्सेनाइटचं ऑक्सिडीकरण थांबलं आणि ते वाळूतून सरळ दाण्यांवर जाऊन आदळलं.

बदल: मोठी गोणी बंद, घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत पावडर, डबा सावलीत. आणि प्रमाण चमच्यांवर नाही. वाळूच्या आधी लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे, तेवढं उरेपर्यंत द्रावण वाढवायचं. दीदी म्हणाल्या, "म्हणजे पावडर मोजायची नाही, पाण्याला विचारायचं." तसंच.

31 मे

उद्या मतदान, शाळेत बूथ. उन्हाने कहर केलाय. पोलिंगची माणसं, जवान, सगळे आमच्याच तोट्यांवर. टाकी दुपारी रिकामी होते. वेग वाढवू नका असं दीदींना सांगितलंय: पाणी दाण्यांवरून घाईने गेलं तर काम अपुरं राहतं. रांग लागली तर लागू दे.

18 जून

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांबरोबर घरोघर. पन्नाशीच्या एका बाईंनी हात पुढे केले. तळहातावर बाजरीच्या दाण्याएवढ्या कडक गाठी, अंगठ्याखाली सर्वांत दाट, मधे बारीक भेगा. पाठीवर गडद कातडीत फिके ठिपके, पावसाचे थेंब पडून वाळल्यासारखे. त्या वर्षानुवर्षं हे शेतातल्या कामाने झालंय असं समजत होत्या. कणिक मळताना भेगा झोंबतात, म्हणून पोळ्या सून करते.

डॉक्टरांनी समजावलं की हे संसर्गाने पसरत नाही, एका ताटात जेवायला हरकत नाही. आर्सेनिक अंगातून काढून टाकणारं खात्रीचं औषध या टप्प्यावर नाही. पाणी बदलणं, चांगलं खाणं, गाठींवर मलम, आणि गाठ वाढली, चिघळली किंवा लघवीतून रक्त आलं तर लगेच दाखवणं, कारण त्वचेच्या, मूत्राशयाच्या आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका यात असतो.

बाईंनी विचारलं, आता पाणी बदलून माझा काय फायदा? डॉक्टर म्हणाले, "चाची, आहे ते वाढायचं थांबू शकतं. आणि नातू अजून पाचच वर्षांचा आहे." त्यांचं घर शाळेपासून लांब पडतं. दीदींच्या गटाने त्या टोल्यावर सायकलने रोज दोन कॅन पोचवायचं ठरवलं. खर्च समितीच्या खात्यातून.

3 सप्टेंबर

मधला नळ: मेमध्ये 6, जूनमध्ये 8, जुलैमध्ये 11, आज 19. शेवटचा नळ अजूनही 2 पेक्षा कमी.

पहिला स्तंभ थकला. साठ लिटर दाण्यांवरून बारा लाख लिटर पाणी गेलं आहे, फॉस्फेट लक्षात घेता ही चाल चांगली. चहा अर्थातच लाल. गावात कुणालाही वेगळं काही जाणवलेलं नाही, फक्त फळ्यावर 19 लिहिलेलं आहे. त्याखाली एका मुलाने खडूने विचारलंय, "10 से जादा क्यों?" दीदींनी त्याला बोलावून दोन्ही नळ दाखवले आणि समजावलं. मी लांबून ऐकत होतो. एकही शब्द दुरुस्त करावा लागला नाही.

नव्या दाण्यांची मागणी आजच पाठवली. पैसे समितीच्या खात्यात आहेत, घरटी महिन्याच्या वर्गणीतून जमलेले. पूर्ण रक्कम मात्र नाही, एक तृतीयांश कमी पडते.

20 सप्टेंबर

गंगा चढली. खालच्या टोल्यात पाणी शिरलंय, शाळेच्या आवारात घोटाभर. हापशा बुडाल्या. शेडचा चौथरा कोरडा, गाळाचा हौद कोरडा. सौर पंप बंद ठेवला. पुराचं पाणी बोअरच्या तोंडातून आत शिरू नये म्हणून झाकणावर रबर लावून घट्ट केलं. टाकीत भरून ठेवलेलं पाणी दीदी मगाने मोजून वाटत आहेत, आधी लहान मुलांच्या घरी.

पूर ओसरल्यावर बोअरमध्ये क्लोरीन टाकून दिवसभर पाणी उपसून टाकायचं आणि जंतूंची चाचणी झाल्यावरच तोट्या उघडायच्या.

14 ऑक्टोबर

दसरा झाला. अदलाबदल आज पूर्ण. दुसरा स्तंभ पुढे आणला, पहिल्यातले जुने दाणे काढून नवे भरले आणि तो मागे ठेवला. कमी पडलेली रक्कम प्रकल्पाच्या निधीतून दिली. पुढच्या वर्षी असा निधी नसेल, म्हणून समिती वर्गणी वाढवावी की पंचायतीकडे मागावं यावर चर्चा झाली. मुखियाजींनी (इथले सरपंच) पंचायतीच्या बैठकीत विषय घ्यायचं कबूल केलंय, तारीख अजून दिलेली नाही.

जुने दाणे दोन घट्ट पिंपांत, वर तारीख आणि वजन. लीचिंग चाचणीसाठी, म्हणजे दाण्यांतून किती आर्सेनिक पाझरतं ते बघायला, नमुना पाठवला, मर्यादा लिटरमागे 5 मिलिग्रॅम. उत्तीर्ण झाले तरी ते कचराडेपोत टाकायचे नाहीत असं माझं मत आहे. ही चाचणी ऑक्सिजन नसलेल्या कुजक्या ढिगाची परिस्थिती दाखवत नाही, आणि आर्सेनिक सुटतं ते नेमकं तिथेच. धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवण्याचा खर्च विचारला आहे. पुरवठादाराने परत घ्यावेत यासाठीही पत्र लिहिलंय.

आजचे नमुने: वाळूनंतर 51, मधला नळ 2 पेक्षा कमी, शेवटचा 2 पेक्षा कमी. पुढचा नमुना 14 नोव्हेंबरला, तो दीदी स्वतः घेऊन पाटण्याला पाठवतील. आम्लाची बाटली आणि लेबलं त्यांच्याकडे दिली आहेत. शेजारच्या गावच्या गटातल्या दोन बायका पुढच्या आठवड्यात बॅकवॉश शिकायला येणार आहेत. त्यांच्या गावातल्या हापशांची यादी आधी करून आणायला सांगितलं आहे, प्रत्येकीच्या खोलीसकट.